बोटीची बॅटरी: आधी काम बघा, मग विदर्भाचं ऊन बघा

नागपूरपासून समुद्र लांब आहे, पाणी लांब नाही. रामटेकजवळचा खिंडसी तलाव, पेंचचा नवेगाव खैरी जलाशय, भंडाऱ्याच्या बाजूला पसरलेला गोसीखुर्दचा फुगवटा, गोंदियाकडे नवेगावबांध. या पाण्यांवर डोंग्यांच्या जोडीला आता मोटारबोटीही दिसतात. इंजिन पेट्रोलवर चालो की डिझेलवर, बोटीवरचे दिवे, पंखे, मोबाइल चार्जिंग, मासे शोधणारा फिश फाइंडर, भोंगा आणि तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप हे सगळं बॅटरीवरच चालतं. ती घ्यायची वेळ आली की आपण घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी जिथून घेतली त्याच दुकानात जातो. दुकानदार एक तर कारची बॅटरी काढून देतो, नाही तर १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे क्षमतेचं माप) इन्व्हर्टरची ट्यूब्युलर. बॅटऱ्या दोन्ही चांगल्या असतात, पण त्या वेगळ्या कामासाठी बनवलेल्या असतात.

बोटीच्या बॅटरीवर इंटरनेटवर वाचायला पुष्कळ मिळतं, पण त्यातलं बरंचसं थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेलं. त्यांना काळजी शून्याखालच्या थंडीची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि नवतपात बोटीच्या बंद कप्प्यात हात ठेववत नाही. त्यामुळे इथल्या बोटीसाठी दोन गोष्टी आधी ठरवायच्या: बॅटरीकडून काम कोणतं घ्यायचं आणि ती किती गरम जागेत राहणार. कंपनी, वॉरंटी आणि भाव यांचा विचार त्यानंतर.

इंजिनची वेगळी, दिव्या-पंख्यांची वेगळी

इंजिन सुरू होताना स्टार्टर दोन-तीन सेकंदांत शेकडो अँपिअर ओढतो. त्यासाठी बनवलेल्या बॅटरीत प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात. ॲसिडला भिडणारा पृष्ठभाग जितका मोठा, तितका करंट एका दमात बाहेर पडतो. इंजिन लागलं की झालेला खर्च भरून निघतो, आणि तो असतो जेमतेम दोन-तीन टक्के. हीच बॅटरी रात्रभर पंख्याला जोडली की प्रत्येक वेळी ती खोलवर रिकामी होते, पातळ प्लेटांवरचा थर सुटून तळाशी गाळ साचतो, आणि एका हंगामात ती बसते. मग आपण कंपनीला नावं ठेवतो.

दिव्या-पंख्यांसाठी लागते ती डीप सायकल बॅटरी. तिच्या प्लेटा जाड असतात. झटक्याला ती कमी पडेल, पण दहा तास थोडा थोडा करंट देत राहणं आणि पुन्हा भरणं हे ती शेकडो वेळा करते. ओळखायचं कसं? लेबल वाचा. ज्या बॅटरीवर सीसीए हा आकडा ठळक छापला आहे, ती इंजिनसाठीची. हा आकडा उणे १८ अंशांत ३० सेकंद किती अँपिअर मिळतील ते सांगतो. ज्या बॅटरीवर ‘१०० एएच, सी-२०’ असं लिहिलंय ती दम धरणारी. सी-२० म्हणजे ती क्षमता २० तासांत सावकाश रिकामी केली तर मिळते, म्हणजे सतत ५ अँपिअर या हिशोबाने.

हे बारीक अक्षर बोटीवर फार महत्त्वाचं ठरतं. समजा, मासेमारीच्या छोट्या बोटीला १२ व्होल्टची इलेक्ट्रिक मोटर लावली आणि ती पूर्ण जोरात ५० अँपिअर ओढते. १०० भागिले ५०, म्हणजे दोन तास चालेल, असा हिशोब कुणीही करेल. शिशाच्या बॅटरीत तो खरा ठरत नाही. करंट जितका जोरात ओढाल तितकी तिची क्षमता आकसते. पॉयकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्येच हे सूत्रात मांडलं. साध्या पाण्याच्या बॅटरीत त्या सूत्राने दोन तासांचे सव्वा तास होतात, तेही बॅटरी पार रिकामी होईपर्यंत. निम्म्यावर थांबायचं ठरवलं तर पाऊण तासही मिळत नाही. फुगवट्याच्या मधोमध, वारा समोरून असताना हे कळलं तर वल्ही मारत परत यावं लागतं.

तेव्हा पहिला नियम असा, आणि तो मी कुठल्याही रसायनाच्या चर्चेआधी ठेवतो: इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी असावी आणि बाकी सगळं दुसऱ्या बॅटरीवर असावं. गाणी वाजवून, फोन चार्ज करून दुसरी उतरली तरी इंजिन लागलंच पाहिजे.

शिसं: जुनं, ओळखीचं, जड

फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी शिसं-ॲसिडची बॅटरी १८५९ मध्ये बनवली. आजही कार, इन्व्हर्टर आणि नागपुरातल्या पुष्कळ ई-रिक्षांच्या सीटखाली तीच असते. बोटीसाठी तिचे तीन प्रकार विचारात घेण्यासारखे आहेत.

पहिला, पाणी टाकायची ट्यूब्युलर. तिच्यात धन बाजूची सामग्री छिद्रं असलेल्या नळ्यांत कोंबलेली असते, त्यामुळे ती झडत नाही आणि बॅटरी दणकट होते. उन्हातही ती बऱ्यापैकी टिकते, कारण पाणी उडालं तरी वरून डिस्टिल्ड वॉटर टाकता येतं. पण १५० एएचची एक उंच ट्यूब्युलर ५० किलोच्या पुढे जाते, कलली की ॲसिड सांडतं, आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत हायड्रोजन चार टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. हा वायू हलका असल्याने वर जाऊन छताशी साचतो, म्हणून कप्प्याला वरच्या बाजूने हवा जायला वाट हवी. पेट्रोलची वाफ याच्या उलट. ती हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळाशी बसते. ज्या कप्प्यात पेट्रोलची टाकी आहे तिथे कोणतीच बॅटरी ठेवू नका. घाटाला बांधलेला, रुंद, न डुलणारा तराफा असेल तर ट्यूब्युलर लावा, स्वस्तात काम होईल. डुलणाऱ्या बोटीत नको.

दुसरा प्रकार एजीएम. यात ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेलं असतं. आडवी झाली तरी सांडत नाही, पाणी टाकायचं नाही, करंटही चांगला देते. बाजारात हिला सरसकट ‘सुकी बॅटरी’ म्हणतात. बोटीसाठी शिशातली हीच बरी. दोष एकच, आणि आपल्या भागात तो मोठा आहे: जास्त तापली किंवा जास्त चार्ज झाली तर आतलं पाणी झडपेवाटे जातं, आणि ते परत भरायची सोय नाही. तिसरा प्रकार जेल. ती सावकाश आणि कमी व्होल्टेजवर चार्ज करावी लागते. त्यासाठी चार्जर नेमका नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

तिघींनाही दोन गोष्टी लागू पडतात. रोज निम्म्याच्या खाली उतरवल्या तर आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे लेबलवर १०० एएच असलं तरी तुमच्या हातात ५० च. आणि अर्धवट भरलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस राहिल्या तर प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात, ते पुन्हा पूर्ण विरघळत नाहीत. सोलरवाल्या बोटीत नेमकं हेच होतं. शिशाची बॅटरी रामटेकच्या एसटीसारखी भरते: सुरुवातीचे प्रवासी पटापट बसतात, शेवटच्यांना गर्दीतून जागा शोधत मागे जावं लागतं. ८० टक्के लवकर होतात, वरच्या २० टक्क्यांना तीन-चार तास लागतात, आणि तेवढ्यात सूर्य मावळतो.

लिथियम म्हणजे एकच वस्तू नव्हे

‘लिथियम पेट घेते’ असं लोक म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर स्कूटरला लागलेल्या आगीचे व्हिडिओ असतात. मोबाइलमध्ये आणि बऱ्याच गाड्यांत निकेल, मँगनीज, कोबाल्टची रसायनं असतात. ती कमी जागेत जास्त ऊर्जा साठवतात, पण बिघडून तापली तर आतूनच ऑक्सिजन सोडतात आणि आग स्वतःला पोसते. बोटीसाठी ज्या लिथियमची शिफारस होते ती लिथियम आयर्न फॉस्फेट, बाजारातल्या भाषेत एलएफपी. जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९० च्या दशकात हे रसायन पुढे आणलं. त्यांना २०१९ चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार इतर दोघांबरोबर विभागून मिळाला. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, सहज सुटत नाही. म्हणून ती पेटायला कितीतरी जास्त तापावी लागते. ती कधीच पेटणार नाही असं मात्र नाही: आतला द्रव ज्वलनशीलच असतो, आणि वायरिंग कच्ची असेल तर कोणतीही बॅटरी आग लावते.

एलएफपीचे फायदे बोटीवर ठळक दिसतात. १०० एएचची एजीएम २८ ते ३० किलो भरते, तेवढ्याच क्षमतेची एलएफपी ११ ते १३ किलो. शिवाय ती ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते, आणि तशी रोज वापरूनही दोन हजारांहून जास्त वेळा भरते. एजीएम निम्म्यापर्यंत वापरली तर साधारण पाचशेच्या आसपास. जोरात करंट ओढला तरी क्षमता आकसत नाही, म्हणजे वरच्या मोटरला खरोखर दोन तासांच्या जवळपास मिळतात. शेवटपर्यंत ती भराभर चार्ज होते, आणि अर्धवट भरलेली राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. पावसाळी ढगांत सोलरवर जगणाऱ्या बोटीसाठी मला हा शेवटचा गुण वजनापेक्षाही मोठा वाटतो.

केरळमध्ये वैकम इथे ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर फेरीबोट २०१७ पासून लिथियम बॅटरीवर चालते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या कोची वॉटर मेट्रोने लिथियम टायटॅनेट हा आणखी वेगळा प्रकार निवडला. तो महाग आणि जड, पण काही मिनिटांत चार्ज होतो. धक्क्यावर प्रवासी चढ-उतार करतात तेवढ्या वेळात बोट भरून घ्यायची असेल तर त्या पैशाचं सार्थक होतं. खिंडसीवरच्या बोटीला त्याची गरज नाही.

ऊन काय करतं

शिशाच्या बॅटरीचं छापील आयुष्य २५ अंशांना मोजलेलं असतं. त्याच्या वर दर दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. आता हिशोब करा. बाहेर ४४ अंश, फायबरच्या डेकखालचा बंद कप्पा ५० च्या पुढे. चार वर्षं टिकायची बॅटरी दोन उन्हाळ्यांत दम सोडते त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

उन्हाचा दुसरा परिणाम चार्जिंगवर होतो, आणि इथे लोक जास्त चुकतात. गरम बॅटरीला कमी व्होल्टेज लागतं. १२ व्होल्टच्या बॅटरीला २५ अंशांना १४.४ व्होल्टवर चार्ज करत असाल, तर ४५ अंशांना ते १३.९ च्या आसपास आणायला हवं. स्वस्त सोलर कंट्रोलर (पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारा डबा) हे करत नाहीत. ज्या कंट्रोलरला बॅटरीला चिकटवायचा तापमानाचा सेन्सर येतो, तोच घ्या, आणि सेन्सर डबीत न ठेवता खरोखर बॅटरीला चिकटवा. ट्यूब्युलर असेल तर मे महिन्यात दर आठवड्याला झाकणं उघडून बघा. आत डोकावलं की पाण्याखाली काळपट प्लेटा दिसायला हव्यात. प्लेटांच्या कडा कोरड्या उघड्या पडल्या असतील तर तेवढा भाग कायमचा गेला. पाणी डिस्टिल्डच टाका. नळाचं किंवा तलावाचं नको, ॲसिड तर मुळीच नको. आणि हा डोकावण्याचा उद्योग टॉर्च घेऊन करा, काडी पेटवून नव्हे.

एलएफपीला ऊन चालतं, पण आवडत नाही. तिच्या आत बीएमएस नावाचं एक रक्षक सर्किट असतं. ते साधारण ५५ ते ६० अंशांच्या आसपास चार्जिंग बंद करतं. भर दुपारी सोलर पॅनेलवर कडक ऊन असताना बॅटरी भरत नाहीशी दिसली, तर बिघाड शोधण्याआधी कप्प्यात हात घालून बघा. थंड देशांतल्या लेखांत ‘हीटर असलेली लिथियम बॅटरी घ्या’ असा सल्ला वाचला असेल. तो शून्याखालच्या चार्जिंगसाठी आहे. नागपुरात त्याचे पैसे वाया जातील. त्यापेक्षा कप्प्याला दोन जाळ्या आणि एक छोटा १२ व्होल्टचा पंखा लावा, वरून पांढरा रंग द्या, आणि बॅटरी इंजिनच्या शेजारी न ठेवता पाण्याच्या पातळीच्या जवळ, बोटीच्या मध्यभागी बसवा. तिथे ती थंडही राहते आणि बोटीचा तोलही नीट राहतो.

किती मोठी घ्यायची

पर्यटकांच्या मध्यम बोटीचं उदाहरण घेऊ. ५ वॅटचे चार एलईडी दिवे चार तास: ८० वॅट-अवर. १५ वॅटचे दोन पंखे आठ तास: २४०. फिश फाइंडर १० वॅट, आठ तास: ८०. घोषणांचा ॲम्प्लिफायर ४० वॅट, तीन तास: १२०. फोन चार्जिंगला ४०. थंड पाण्यासाठी १२ व्होल्टचा छोटा फ्रिज ठेवला, तर ४५ वॅटचा कॉम्प्रेसर दिवसात मिळून बारा तास चालला म्हणून ५४०. बेरीज ११०० वॅट-अवर. यात निम्मा वाटा एकट्या फ्रिजचा आहे. त्याऐवजी बर्फाचा डबा ठेवला तर निम्म्या क्षमतेची बॅटरी पुरते, म्हणून मोठी बॅटरी घेण्याआधी यादी पुन्हा वाचा.

११०० भागिले १२, म्हणजे ९२ एएच. शिशाची घेतली तर दुप्पट: १०० एएचच्या दोन एजीएम, वजन ६० किलोच्या घरात. एलएफपी घेतली तर १२० एएचची एक, १५ किलोच्या आसपास. हा खर्च उन्हातून भरून काढायचा असेल तर २०० वॅटचं पॅनेल चांगल्या दिवशी ७०० वॅट-अवरच्या आसपास देतं, तेव्हा ३२० वॅट तरी हवेत. छोट्या आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या) इंजिनाच्या चार्जिंग कॉइलवर विसंबू नका. ती बहुतेक वेळा सहा-दहा अँपिअरच देते.

पहिल्या खरेदीला एलएफपी महाग पडते, यात शंका नाही. बोट आठवड्यातून एकदा दोन तास निघत असेल तर एजीएम घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या कंट्रोलरला लावा. बोट रोज चालत असेल, पोट तिच्यावर असेल, तर एलएफपीच शेवटी स्वस्त पडते. भंगारातून आलेले, गाडीतून काढलेले लिथियम पॅक कितीही स्वस्त मिळाले तरी पाण्यावर नेऊ नका. आतलं रसायन कोणतं, किती वापरलेलं, बीएमएस कसला, यातलं काहीच कळत नाही, आणि बोटीवर पळून जायला जागा नसते.

बदलताना बाकीचंही बदलतं

शिशाची काढून तिथेच एलएफपी ठेवली आणि झालं, असं होत नाही. मोठ्या इंजिनाला अल्टरनेटर (इंजिनाबरोबर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) असेल तर एलएफपी त्याच्याकडून मिळेल तितका करंट ओढते आणि तो तापून जळू शकतो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लावावा, म्हणजे इंजिनची शिशाची बॅटरी तशीच राहते आणि लिथियमला मोजून करंट मिळतो. सोलर कंट्रोलरवर एलएफपीचं सेटिंग निवडा. जुन्या सेटिंगमध्ये शिशासाठी मधूनमधून १५ व्होल्टच्या पुढे नेणारं इक्वलायझेशन असतं, ते बंद करा.

फ्यूज बॅटरीच्या धन टर्मिनलला लागूनच हवा. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या नियमात, काही अपवाद सोडले तर, हे अंतर जास्तीत जास्त सात इंच, म्हणजे १८ सेंटिमीटर आहे. शॉर्ट झाल्यावर एलएफपी हजारो अँपिअर सोडते, कारचा साधा फ्यूज ते तोडू शकत नाही. क्लास-टी जातीचा घ्या. बिल्ज पंपाची वायर मुख्य स्विचच्या आधीच, स्वतःचा फ्यूज लावून थेट बॅटरीवर घ्या, म्हणजे रात्री सगळं बंद करून घरी गेलात आणि पाऊस कोसळला तरी पंप चालू राहील. बॅटरी पट्ट्याने डब्यात करकचून बांधा.

किती शिल्लक आहे हे बघायची पद्धतही वेगळी. शिशाची बॅटरी काही तास विश्रांती देऊन मीटरने मोजली तर १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. एलएफपीत ७० टक्क्यांना आणि ४० टक्क्यांना जेमतेम दशांश व्होल्टचा फरक पडतो, मीटरवरून काही कळत नाही. तिला शंट (करंट मोजणारी पट्टी) लावलेला बॅटरी मॉनिटर हवा, जो आत किती गेलं आणि बाहेर किती आलं ते मोजतो. आणखी एक: शिशाची बॅटरी संपताना दिवे मंद होतात, आपण सावध होतो. एलएफपीत बीएमएस एका क्षणात सगळं बंद करतं. बुडालेल्या झाडांमधून अंधारात बोट काढत असताना असं व्हायला नको, म्हणून मॉनिटरचा अलार्म २५ टक्क्यांवर लावा आणि दिशादर्शक दिव्यांना इंजिनच्या बॅटरीवरून दुसरी वाट ठेवा.

पावसाळ्यात बोट काठाला ओढून ठेवाल तेव्हा दोघींची गरज उलटी असते. शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवायची आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्जिंगला लावायची. एलएफपी पूर्ण भरून ठेवली तर दमट उकाड्यात तिचं आयुष्य घटतं. तिला ५० ते ६० टक्क्यांवर आणून, ऋण टर्मिनलची वायर सोडून, घरात सावलीत ठेवा. टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी धरली असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडं करून, व्हॅसलीनचा हात फिरवा.